दुकानाला आधी काय लागतं? कॉम्प्युटर, बारकोड की नुसता मोबाइल?

मांजराकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं २८ वर्षांचं दुकान आहे. शेतीपंप, पीव्हीसी पाइप, फिटिंग, ठिबकचं सामान, स्टार्टर, केबल असा सगळा माल. बाबांचे गुडघे फार दुखायला लागले, तेव्हा गेल्या दिवाळीपासून गल्ल्यावर मी बसते. वर्षाची उलाढाल ७० लाखांच्या आसपास, जीएसटी नोंदणी आहे, कामाला दोन माणसं.

आजवरचा सगळा व्यवहार वह्यांत. रोजमेळ, उधारीच्या गावनिहाय तीन वह्या, आणि पक्कं बिल मागणाऱ्यासाठी छापील बिलबुक. मालसाठा बाबांच्या डोक्यात. कोणता सॉकेट कोणत्या पोत्यात आहे ते ते खुर्चीत बसून सांगतात. मला सांगता येत नाही, हीच खरी अडचण.

परवा एक विक्री प्रतिनिधी येऊन कोटेशन देऊन गेला. टचस्क्रीनचं बिलिंग मशीन, डेस्कटॉप, बारकोड प्रिंटर, स्कॅनर, सॉफ्टवेअर, चार कॅमेरे, वेबसाइट. सगळं मिळून २ लाख १० हजार. माझ्याजवळ ७५ हजार आहेत. बाबा म्हणतात, "वही कधी हँग होत नाही." त्यांचं म्हणणं मला मोडीत काढायचं नाही, पण पुढची वीस वर्षं मला वहीवर काढायची नाहीत.

ज्यांनी स्वतःच्या दुकानात हे केलंय त्यांनी सांगा, आधी काय घ्यायचं?

हळदीचा_गाव | सोमवार, रात्री ९:५८

ताई, एक चांगला मोबाइल, एक क्यूआर, एक ॲप. बास. वसमतला माझं भुसारचं छोटं दुकान पाच वर्षं एवढ्यावरच चाललंय.

केजचा_किराणा | सोमवार, रात्री १०:३१

वरच्या दादांचं त्यांच्यापुरतं खरं असेल. भुसारमध्ये मालाचे पंधरा-वीस प्रकार. ताईंच्या दुकानात दीड-दोन हजार तरी निघतील. ते मोबाइलच्या पडद्यावर सांभाळायचं म्हणजे बोटं दुखून येतील.

माझा अनुभव सांगतो. २०१९ ला मी सगळं एकदम घेतलं. कॉम्प्युटर, स्कॅनर, बिल प्रिंटर, वजनकाटा जोडायची केबलसुद्धा. पहिले दोन महिने लै उत्साह. मग लगीनसराई आली, दुकानात गर्दी झाली, पोरगं घाईत "किराणा इतर" या एकाच नावावर बिलं फाडायला लागलं. वर्षाअखेर बघितलं तर कॉम्प्युटरमध्ये साखर उणे ३८ पोती! म्हणजे विक्री भरली होती, खरेदी भरलीच नव्हती. मशीनचा काही दोष नव्हता. रोज खरेदी कोण भरणार हे आम्ही ठरवलंच नव्हतं.

दुसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा फक्त दोन गोष्टी धरल्या. एक उधारी, दुसरी रोजची खरेदी. विक्रीचं बिल सहा महिन्यांनी आणलं. या वेळी टिकलं.

म्हणून ताई, काही घ्यायच्या आधी महिनाभर वहीच्या मागच्या पानावर टिपा: पैसा नेमका कुठं गळतोय? माल संपल्यामुळं गिऱ्हाईक परत गेलं किती वेळा? उधारी विसरली किती वेळा? चुकीचा भाव लागला किती वेळा? जिथं जास्त खुणा पडतील तिथून सुरुवात करा.

जालना_हार्डवेअर | मंगळवार, सकाळी ७:१५

मी ताईंच्याच धंद्यातला, म्हणून सविस्तर लिहितो.

बारकोड घेऊ नका. निदान आत्ता नको. फिटिंगचा माल पोत्यात सुटा येतो. पाऊण इंची एल्बोवर लेबल चिकटवायला माणूस ठेवला तर एल्बोपेक्षा लेबल महाग पडेल. मोटर, स्टार्टर, सीलबंद डबे यांच्यावर कंपनीचा बारकोड असतोच, तो पुढे-मागे वापरता येईल.

त्याऐवजी खणांना नंबर द्या. पहिली भिंत 'अ', दुसरी 'ब', वरून खाली १, २, ३. ब-४ म्हणजे दुसऱ्या भिंतीचा चौथा खण. ऑइलपेंटनं मोठे आकडे काढा आणि कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक मालासमोर खण लिहा. नवा पोरगा दुसऱ्या दिवशी माल काढून देतो, तुम्हाला उठावं लागत नाही.

आता नावांविषयी. खरी मेहनत इथं आहे आणि कोटेशनमध्ये ती कुणी लिहीत नाही. शेतकरी "दोन इंची पाइप" मागतो, पाइपावर ६३ एमएम छापलेलं असतं. अडीच इंची म्हणजे ७५, तीन इंची म्हणजे ९०, चार इंची म्हणजे ११०. एकच जिन्नस बिलात 'एल्बो', गिऱ्हाइकाच्या तोंडी 'कोपरा', कारागिराच्या तोंडी 'एल'. तिघांनी तीन नावांनी नोंद केली की एकाच मालाचे तीन साठे तयार होतात आणि तिन्ही खोटे. आमच्याकडं हे झालं. ते निस्तरायला दोन महिने गेले.

नाव लिहायची एकच रीत ठरवा: आधी वस्तू, मग माप, मग दाब, शेवटी कंपनी. 'एल्बो ६३ ४केजी अमुक'. वडील आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून ही यादी करून घ्या. ती यादी पैसे देऊन कुठंच मिळत नाही.

वाळूज_लेथ | मंगळवार, सकाळी ८:०२

माझं दुकान नाही, वर्कशॉप आहे, त्यामुळं गरजा वेगळ्या. आम्हाला कॉम्प्युटर ड्रॉइंग उघडायला लागतो, ई-मेल लागतो, आणि कोणत्या तारखेला कोणत्या चलानावर माल गेला याचा पुरावा लागतो. मोठ्या कंपनीकडून पैसे अडकले की हाच पुरावा उपयोगी पडतो.

एक सांगतो, इतरांनाही कामाला येईल. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. १ जुलै २०२० पासून ही पद्धत सुरू आहे. तरी माझ्या शेजाऱ्यानं एका एजंटला त्यासाठी अडीच हजार दिले. उत्पादन किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगानं बिलावर उद्यम क्रमांक छापावा. २००६ च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांत यायला हवेत, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज मागता येतं.

सीए_परभणी | मंगळवार, सकाळी ११:२०

वाळूजच्या दादांनी चांगलं सांगितलं, एक पुरवणी जोडते. व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी करता येते, पण तिचा उपयोग प्राधान्य क्षेत्रातल्या (बँकांनी प्राधान्यानं द्यायच्या) कर्जापुरता. ४५ दिवसांचं संरक्षण दुकानदाराला नाही. मांजराकाठ ताई, त्या भरवशावर राहू नका.

आता तुमच्यापुरतं. ७० लाखांवर तुम्हाला ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागत नाही, ती अट ५ कोटींच्या वर आहे. नोंदणीकृत गिऱ्हाइकाला दिलेल्या बिलावर एचएसएन कोडचे (मालाच्या प्रकाराच्या क्रमांकाचे) चार आकडे पुरतात. राज्यातल्या राज्यात १ लाखाच्या वरचा माल गाडीनं जाणार असेल तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचं ऑनलाइन कागदपत्र, लागतं; ते पोर्टलवर मोबाइलवरूनही निघतं. तिमाही विवरणाची सोय ५ कोटींपर्यंत आहे, तुम्ही त्यात बसता. थोडक्यात, जीएसटीसाठी म्हणून महागडं मशीन घ्यायची गरज नाही.

ज्यावर पैसे वाचतात ती जागा खरेदीची. तुमच्या पुरवठादारानं त्याचं विवरण भरलं तरच तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या खरेदीच्या यादीत, ते बिल दिसतं आणि त्या कराची वजावट मिळते. खरेदीची नोंद वेळच्या वेळी असेल तर दोन्हींची तुलना दहा मिनिटांत होते. कापडी पिशवीतून बिलं आणून देणारे माझे काही अशील आहेत, त्यांची तुलना करायला मला चार दिवस लागतात. दरवर्षी कुणाची ना कुणाची वजावट जाते. मला त्याचं वाईट वाटतं, कारण तो पैसा त्यांनी आधीच भरलेला असतो.

दरांचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, ठिबक आणि तुषारचं साहित्य १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. ज्यांच्याकडं मालाची यादी नीट होती त्यांनी एका रात्रीत दर बदलले.

आणि हात जोडून सांगते: जीएसटी पोर्टलवरचा मोबाइल नंबर आणि ई-मेल तुमचा स्वतःचा ठेवा. माझा नाही, एजंटचा नाही, भाच्याचा नाही.

उदगीरचा_वायरमन | मंगळवार, दुपारी १:४५

सगळे सॉफ्टवेअरवर बोलायलेत, लाइटीचं कुणी बोलंना. आपल्याकडं उन्हाळ्यात आन पावसाच्या पहिल्या वाऱ्यात काय होतं ते सगळ्यांला म्हाईत आहे.

डेस्कटॉप घेऊ नका, लॅपटॉप घ्या. त्याची बॅटरी हीच त्याचा पहिला इन्व्हर्टर. हिशोब असा बघा: लॅपटॉप ५० वॅट, राऊटर १०, बिलाचा छोटा प्रिंटर आन दोन एलईडी मिळून ४० धरा. झाले १००. १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. नुकसान आन बॅटरी पूर्ण न उतरवणं धरून ११०० हाताला लागतात. म्हणजे दिवसभर दुकान चालतं. पंखा जोडला तर सहा तास.

लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर लावू नका. तो तापताना एकदम मोठा झटका ओढतो, इन्व्हर्टर ट्रिप होतो.

आन अर्थिंग. जुन्या दुकानात तीन पिनच्या सॉकेटात तिसरी तार नुसती शोभेला असते. कॉम्प्युटर आणायच्या आधी अर्थिंग तपासून घ्या. दोन-अडीच हजारांत नवीन अर्थिंग होतं. बोर्ड जळला तर त्याच्या कैकपट जातात.

मांजराकाठ | मंगळवार, रात्री १०:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं बारकाईनं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

केजच्या दादांनी सांगितल्याप्रमाणं आजपासून टिपायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी: माल असूनही मला सापडला नाही म्हणून दोन गिऱ्हाइकं परत गेली. फूट व्हॉल्व्ह होता, मला दिसला नाही. उधारी मोजली, तीन वह्या मिळून ६ लाखांच्या वर निघाली. त्यात दोन वर्षांपूर्वीचीही आहे.

उदगीरच्या दादा, आमचं अर्थिंग उद्याच तपासते. सीए ताई, पोर्टलवर नंबर कुणाचा आहे ते मलाच ठाऊक नव्हतं. बघितलं तर आधीच्या कर सल्लागाराच्या ऑफिसातल्या एका मुलाचा निघाला. तो मुलगा आता तिथं कामाला नाही.

नांदेड_स्टँडजवळ | मंगळवार, रात्री १०:४०

माझं नाश्त्याचं हॉटेल. इथं कॉम्प्युटर नाही, पण पैसे मिळाल्याचं बोलून सांगणारा स्पीकर सगळ्यात आधी घेतला, आणि त्याचं कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी भर गर्दीत एक जण रोज २००-३०० चा नाश्ता करायचा आणि मोबाइलवर पैसे गेल्याचा पडदा दाखवायचा. हिरवी खूण, रक्कम, सगळं बरोबर. महिनाअखेर बँकेचा उतारा काढला, एकही जमा नाही. तो पडदा खोटा होता. दुसऱ्या एका टपरीवाल्याच्या क्यूआरवर रात्रीत कुणी दुसराच क्यूआर चिकटवून गेलं, अर्धा दिवस पैसे भलत्याच्या खात्यात.

म्हणून: गिऱ्हाइकाचा पडदा बघायचा नाही, आपला स्पीकर ऐकायचा. क्यूआर काचेच्या आतून लावायचा. सकाळी दुकान उघडलं की स्वतःच्या दुसऱ्या नंबरवरून १ रुपया टाकून नाव तपासायचं. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरवर फोन. पहिल्या तासा-दोन तासांत फोन केला तर रक्कम गोठवली जाण्याची आशा असते.

माझी आई गल्ल्यावर असते. स्पीकर "पन्नास रुपये प्राप्त झाले" म्हणाला की ती दर वेळी "बरं बाळा" म्हणते. गिऱ्हाइकं ते ऐकायला थांबतात.

खत_बियाणे_परतूर | बुधवार, सकाळी ६:५०

कृषी सेवा केंद्राकडं निवडच नाही. अनुदानित खत आता पॉस मशीनवर (विक्री नोंदवणाऱ्या छोट्या यंत्रावर) गिऱ्हाइकाची ओळख पटवूनच विकावं लागतं, आणि ती बहुतेक आधार आणि अंगठ्यानंच पटते. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांची, पण ती देताना अंगठा उमटेपर्यंत कधी कधी पाच मिनिटं जातात. ज्याचं आयुष्य खुरपं-कुदळीत गेलं त्याच्या बोटांवर रेघा राहत नाहीत. म्हातारी माणसं चारचार वेळा बोट पुसून लावतात आणि अपराध्यासारखी माझ्याकडं बघतात. चूक त्यांची नसते. मी त्यांना खुर्ची देतो, पाणी देतो, ओल्या फडक्यानं बोट पुसून परत लावतो, दुसरं बोट लावून बघतो.

खरिपाच्या तोंडावर रांग असते तेव्हा सर्व्हर मंद. म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवली आहेत. मांजराकाठ ताई, तुम्हीही इंटरनेट दोन वाटांनी ठेवा. आणि सॉफ्टवेअर असं घ्या की नेट नसतानाही बिल निघेल.

पैठणचा_माग | बुधवार, दुपारी १२:१०

नंबर दुसऱ्याच्या नावे असण्यावरून आठवलं, आणि आजही पोटात कालवतं.

आमचा घरचा पैठणीचा माग. २०२१ ला शेजारच्या हुशार मुलानं आम्हाला व्हॉट्सॲप बिझनेस लावून दिलं, कॅटलॉग केला, नकाशावर दुकान टाकलं. सगळं त्याच्या ई-मेलवरून, आणि नंबर त्याच्याकडच्या जास्तीच्या सिमचा. मुलगा चांगला, मनात काही नाही. नोकरीला बाहेर गेला, ते सिम रिचार्ज न करता पडून राहिलं आणि बंद झालं. पुढं तो नंबर दुसऱ्याच कुणाला मिळाला. पुणे-मुंबईच्या २०० वर गिऱ्हाइकांचे नंबर, मापं, रंगांच्या आवडी, सगळं गेलं. जुनी गिऱ्हाइकं त्या नंबरवर फोन करायची आणि परका माणूस उचलायचा. नकाशावर तोच नंबर अजून वर्षभर होता, कारण बदलायचा पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता.

आता सिम माझ्या नावावर, ई-मेल दुकानाचा वेगळा, व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन, आणि सगळे पासवर्ड एका वहीत, ती वही देवघराच्या कपाटात कुलपात. हे करायला एक पैसा लागला नाही. एक संध्याकाळ लागली.

मोंढा_नाका | बुधवार, दुपारी ३:३५

वेबसाइटबद्दल कुणी बोललं नाही. २ लाखांच्या कोटेशनमध्ये ती आहे. ज्या गिऱ्हाइकाची मोटर भर उन्हाळ्यात जळालीय तो वेबसाइट बघत नाही, फोन करतो. नकाशावर दुकानाची जागा, वेळ, फोन आणि चार फोटो फुकट टाकता येतात. तेवढं करा.

केजचा_किराणा | बुधवार, दुपारी ४:००

मोंढा_नाका यांच्याशी सहमत. कॅमेरे मात्र दोन तरी लावा, एक गल्ल्यावर, एक दारावर. आणि कॅमेऱ्याचा आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. आमच्या गल्लीत तीन दुकानांचे कॅमेरे एकाच पासवर्डवर चालायचे.

रास_झाल्यावर | बुधवार, रात्री ९:१५

उधारीच्या ॲपबद्दल माझा वेगळा अनुभव आहे आणि तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी असं ॲप घेतलं जे थकबाकीदाराला आपोआप संदेश पाठवतं. "आपल्याकडे इतकी रक्कम बाकी आहे, कृपया भरावी." मला वाटलं, चांगलंय, तोंडानं मागायचा संकोच वाचला. आमच्या गावचे एक काका, तीस वर्षांचे गिऱ्हाईक, कधी पैसा बुडवला नाही. त्यांच्या आईच्या दहाव्याच्या दिवशी सकाळी तो संदेश गेला. मी स्वतः त्या दहाव्याला नदीवर हजर होतो. त्यांनी खिशातून फोन काढला, वाचला, माझ्याकडं बघितलं आणि परत ठेवला. काही बोलले नाहीत. रास झाल्यावर पहिले पैसे माझे आणून दिले, आणि त्यानंतर माल दुसरीकडून घ्यायला लागले.

ॲपला तारीख कळते, घर कळत नाही. ताई, आपोआप जाणारे संदेश बंद ठेवा. यादी मशीनला काढू द्या, फोन तुम्ही करा. आणि केव्हा करायचा तेही ठरलेलं आहे: सोयाबीनची रास झाल्यावर, तूर विकल्यावर, उसाचं बिल जमा झाल्यावर. भर जूनमध्ये मागून काय मिळणार आहे?

जालना_हार्डवेअर | बुधवार, रात्री ९:५०

रास_झाल्यावर दादा, हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो.

यावरून सुचलं: ताईंच्या वडिलांच्या वह्या गावनिहाय आहेत ना? सॉफ्टवेअरमध्ये खाती करताना गावाचा गट तसाच ठेवा. बहुतेक सॉफ्टवेअर नुसती नावांची यादी करतात, आणि एका तालुक्यात एकाच नावाचे आठ जण असतात. गाव, मग नाव, मग शिवार किंवा वस्ती. वडिलांनी ते वह्यांत आधीच मांडून ठेवलंय.

किल्लारी_परिसर | गुरुवार, सकाळी ८:३०

बॅकअपवर अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात आमचं घर आणि घरातच असलेलं आजोबांचं कापडदुकान पडलं. मी नऊ वर्षांचा होतो. आम्ही वाचलो. उधारीच्या वह्या दगडमातीखाली गेल्या, पुढं पावसात भिजून त्यांचा लगदा झाला. काही लोक पत्र्याच्या शेडमध्ये येऊन स्वतःहून सांगून गेले, "आबा, माझ्याकडं तुमचे एवढे आहेत." काहींना आठवत नव्हतं. आणि कितीतरी नावं अशी होती की ती माणसंच राहिली नव्हती. आजोबांनी नंतर त्या वह्यांचा विषय कधी काढला नाही.

गेल्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव-बीडकडं पूर आला तेव्हा माझ्या मेव्हण्याच्या दुकानात कमरेइतकं पाणी शिरलं. कॉम्प्युटर टेबलाखाली होता, गेला. पण त्यानं रोज रात्री हिशोबाची प्रत ऑनलाइन ठेवली होती आणि दर रविवारी पेन ड्राइव्हवर घेऊन घरी नेत होता. चौथ्या दिवशी दुसऱ्याचा लॅपटॉप आणून त्यानं खाती उघडली. एक रुपयाची नोंद गेली नाही.

तीन जागी ठेवा: दुकानात, घरी, ऑनलाइन. आणि महिन्यातून एकदा ती प्रत खरंच उघडते का ते बघा. नुसती घेऊन ठेवलेली प्रत ऐन वेळी उघडली नाही तर काय करणार?

डीटीपी_हिंगोली | गुरुवार, सकाळी १०:१०

किल्लारी_परिसर, नमस्कार.

ताई, जुना लॅपटॉप घेणार असाल तर एक बघा. विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ चालेल असाच घ्या. आणि कुणी सॉफ्टवेअर 'फुकटात टाकून देतो' म्हणालं तर नको म्हणा. आमच्याकडं तशाच एका प्रतीतून व्हायरस आला, लग्नपत्रिकांच्या आठ वर्षांच्या फाइली कुलूपबंद झाल्या, आणि उघडायला पैसे मागणारा मजकूर पडद्यावर. पैसे भरले नाहीत, फाइली गेल्या.

मराठी नोंदींसाठी युनिकोडच वापरा. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर नेला की नुसत्या खुणा दिसतात.

बिलाच्या थर्मल कागदाचंही सांगतो. आपल्या उन्हात तो महिन्या-दोन महिन्यांत पांढरा पडतो. मोटरच्या वॉरंटीचं बिल त्यावर देऊ नका. शेतकरी ते पत्र्याच्या पेटीत ठेवतो आणि गरज पडते तेव्हा कोरा कागद घेऊन येतो. वॉरंटीचं बिल साध्या कागदावर द्या, आणि फोटो त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवा.

मांजराकाठ | सहा आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:२०

मंडळी, काय झालं ते सांगायला आले.

अर्थिंग खरंच नव्हतं. २,४०० रुपयांत करून घेतलं. विंडोज ११ चा लॅपटॉप ३९ हजार, इन्व्हर्टर आणि बॅटरी १९ हजार, साधा इंक टँक प्रिंटर ११ हजार. स्पीकर भाड्यानं. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं शुल्क थोडक्यात बसलं. बारकोड, टचस्क्रीन, वेबसाइट काही घेतलं नाही. कॅमेरे पुढच्या हंगामाला.

पोर्टलवरचा नंबर बदलून घेतला. त्याला बारा दिवस लागले. सिम, ई-मेल, नकाशा सगळं माझ्या नावावर. पासवर्डची वही देवघरात, पैठणसारखीच.

खणांना नंबर टाकले. मग यादी. रोज दुकान बंद झाल्यावर बाबा खुर्चीत आणि मी लॅपटॉपवर. त्यांनी सांगायचं, मी लिहायचं. पहिल्या दिवशी ते नाराज होते. तिसऱ्या दिवशी सहा वाजल्यापासूनच विचारायला लागले, "आज कोणती भिंत?" एकूण १,७४२ नावं झाली. क-७ मध्ये मागच्या रांगेत फूट व्हॉल्व्हचे अकरा डबे निघाले, चार वर्षांपूर्वीचे.

उधारीची गावनिहाय यादी निघाली. संदेश एकही पाठवला नाही. तुरीनंतर बाबांनी स्वतः फोन केले, मी शेजारी बसून आकडे दाखवत होते. १ लाख ८५ हजार आले. दोन घरी फोन करायचा नाही असं ते म्हणाले, आणि कारण सांगितलं. मी त्या दोन नावांपुढं तसं लिहून ठेवलं.

जालना_हार्डवेअर | रविवार, रात्री ८:४५

ताई, फार बरं वाटलं वाचून. ६३ समोर 'दोन इंची' पण लिहिलंय ना? शोधताना दोन्हीवर सापडलं पाहिजे.

मांजराकाठ | रविवार, रात्री ८:५२

लिहिलंय दादा. बाबांनी तिसरंही सांगितलं. नदीपलीकडच्या चार गावांत त्याला 'मधला पाइप' म्हणतात. तेही टाकलंय.